कृत्रिम बुद्धिमत्तेची नीती आणि जन्माचा शिक्का

गेल्या वर्षी महापरिनिर्वाण दिनाच्या निमित्ताने आम्ही इयत्ता नववीच्या विद्यार्थ्यांना चवदार तळ्याच्या सत्याग्रहावर निबंध लिहिण्यास सांगितले होते. त्यांतील एका विद्यार्थ्याचा निबंध वाचून आम्ही थबकलो. शुद्धलेखनाची एकही चूक नाही, वाक्ये घोटीव, मांडणी एखाद्या प्राध्यापकाला शोभेल अशी. मात्र त्यात महाडचा सत्याग्रह १९३० साली झाल्याचे लिहिले होते आणि शेवटी बाबासाहेबांच्या तोंडी एक असे वाक्य घातले होते, जे त्यांच्या लेखन-भाषणांचे खंड चाळूनही आम्हाला कोठे सापडले नाही. विद्यार्थ्यास जवळ बसवून विचारले, तेव्हा त्याने खरे ते सांगितले, "सर, दिवाळीच्या सुट्टीत घरी काकांच्या मोबाइलवर एआयला विचारून लिहून आणलं." १९२७ चे महाड आणि १९३० चे नाशिकचे काळाराम मंदिर यंत्राने एकत्र कालवले होते आणि त्यावर बनावट वचनाचा कळस चढवला होता.

आम्ही त्यास रागावलो नाही. परंतु त्या रात्री एक प्रश्न आमचा पिच्छा सोडीना. आपल्या विद्यालयात दररोज सकाळी त्रिशरण-पंचशील होते. असत्य बोलण्यापासून अलिप्त राहण्याची प्रतिज्ञा हा मुलगा रोज घेतो. मग येथे असत्य बोलले कोण? मुलाला ते असत्य आहे हे ठाऊक नव्हते. यंत्राला सत्य आणि असत्य यांतला भेदच कळत नाही. त्याने फक्त शब्दापुढे संभाव्य शब्द ठेवला. ज्यांनी ते यंत्र घडवले आणि बाजारात आणले, ते सातासमुद्रापलीकडे. म्हणजे असत्य तर घडले, पण त्याचा धनी कोणी नाही.

आमच्या वर्गातला हा लहानसा प्रश्न आज जगातील राष्ट्रांपुढे मोठ्या रूपात उभा आहे. मे २०१९ मध्ये आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने कृत्रिम बुद्धिमत्तेविषयीची तत्त्वे जाहीर केली. नोव्हेंबर २०२१ मध्ये युनेस्कोच्या सर्वसाधारण परिषदेत १९३ सदस्य राष्ट्रांनी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नीतिमत्तेविषयीचे शिफारसपत्र स्वीकारले. मार्च २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने या विषयावरचा ठराव मतदानाशिवाय, सर्वसंमतीने मंजूर केला. युनेस्कोच्या शिफारसपत्रात इजा न करणे, न्याय व भेदभावविरहितता, खाजगीपणाचे रक्षण, पारदर्शकता, मानवी देखरेख, उत्तरदायित्व अशी दहा तत्त्वे सांगितली आहेत. माणसांचे सामाजिक गुणांकन करण्यासाठी किंवा त्यांच्यावर सरसकट पाळत ठेवण्यासाठी या यंत्रणा वापरू नयेत, असेही त्यात स्पष्टपणे म्हटले आहे. सामाजिक गुणांकन हा शब्द जगाला नवा असेल. ज्यांच्या पूर्वजांना जन्मतःच शून्य गुण देऊन गावकुसाबाहेर बसवले गेले, त्या आपल्याला त्याचा अर्थ शब्दकोशात शोधावा लागत नाही.

या विषयावर बोलताना आपल्याच समाजातील काही सुशिक्षित मित्र आम्हाला म्हणतात, "गुरुजी, यंत्राला जात नसते. माणूस आडनाव विचारतो, यंत्र विचारत नाही. उलट हे आपल्या फायद्याचेच आहे." हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्या दोन-तीन पिढ्यांना ज्या गोष्टींनी न्याय दिला, त्यांत परीक्षेतील बैठक क्रमांकाचे स्थान फार मोठे आहे. उत्तरपत्रिकेवर नाव नसे, आडनाव नसे, गाव नसे. तपासणाऱ्याच्या हाती केवळ आकडा आणि उत्तर. त्या आकड्याच्या आडोशाने आपली कितीतरी मुले शाळेच्या दारातून विद्यापीठात पोहोचली. यंत्रही असेच निनावी, निःपक्षपाती असेल, ही आशा म्हणूनच स्वाभाविक आहे. पण ती आशा वस्तुस्थितीवर तपासून घेतली पाहिजे. केवळ परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा तर्काला पटण्याजोगे दिसते म्हणून काही स्वीकारू नका, ही तथागतांनी कालामांना दिलेली शिकवण यंत्राच्या उत्तरालाही लागू पडते.

२०२० साली करोनाच्या साथीमुळे इंग्लंडमधील ए-लेव्हल, म्हणजे आपल्याकडील बारावीच्या तोडीची, परीक्षा रद्द झाली. शिक्षकांनी आपल्या विद्यार्थ्यांच्या अपेक्षित श्रेणी आणि गुणानुक्रम कळवले. परीक्षांचे नियमन करणाऱ्या ऑफक्वाल या सरकारी यंत्रणेने मग एका गणिती पद्धतीने अंतिम श्रेणी ठरवल्या. ते काही आजच्यासारखे बोलणारे यंत्र नव्हते, ते एक साधे सांख्यिकी सूत्र होते. त्या सूत्रात त्या त्या शाळेच्या मागील तीन वर्षांच्या निकालांना मोठे वजन होते. १३ ऑगस्टला निकाल लागले, तेव्हा शिक्षकांनी सुचवलेल्या श्रेणींपैकी सुमारे ४० टक्के श्रेणी खाली आल्या होत्या. ज्या शाळांत एखाद्या विषयाला अगदी मोजके विद्यार्थी होते, तेथे सूत्र न लावता शिक्षकांचे म्हणणे ग्राह्य धरले गेले. असे लहान वर्ग प्रामुख्याने महागड्या खाजगी शाळांत असल्याने त्यांचा लाभ झाला. विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि अवघ्या चार दिवसांत, १७ ऑगस्टला, सरकारला तो निकाल मागे घ्यावा लागला.

या सूत्राने कोणाची जात विचारली नव्हती, धर्म विचारला नव्हता, कातडीचा रंग विचारला नव्हता. त्याने फक्त एवढेच विचारले की, "तुझ्या आधी तुझ्या शाळेतून बसलेल्यांना किती गुण पडले?" म्हणजे ज्या शाळेत आजवर कोणी अव्वल आले नाही, त्या शाळेत या वर्षीही कोणी अव्वल येऊ शकत नाही. आमच्यासारख्या शिक्षकाच्या अंगावर काटा यावा, असा हा निष्कर्ष आहे. आपल्या विद्यालयाचा सारा इतिहास म्हणजे ‘घराण्यातील पहिला’ आणि ‘वस्तीतील पहिली’ यांचा इतिहास आहे. या स्मरणिकेची पाने उलटा. ऊसतोड कामगाराचा मुलगा अभियंता झाला, वीटभट्टीवरच्या आईची मुलगी परिचारिका झाली, ते भूतकाळाचा हिशेब चुकवूनच. भूतकाळावरून भविष्य ठरवणाऱ्या यंत्राला यांपैकी एकही जण दिसला नसता.

येथेच बैठक क्रमांक आणि यंत्र यांतला फरक ध्यानात येतो. बैठक क्रमांक जन्म लपवतो आणि कर्तृत्व दाखवतो. माहितीच्या ढिगावर पोसलेले यंत्र नेमके उलटे करू शकते. नाव काढून टाकले तरी पिन कोड उरतो, शाळा उरते, आईवडिलांचा व्यवसाय उरतो, बोलण्याची धाटणी उरते. आपल्या देशात या चार गोष्टी एकत्र केल्या की जातीचा रकाना रिकामा ठेवूनही जात वाचता येते, हे वेगळे सांगायला नको. शिवाय ही यंत्रे ज्या लिखित मजकुरावर शिकतात, तो मजकूर समाजानेच लिहिलेला असतो. त्यात समाजाचे पूर्वग्रह असायचेच. भारतीय संदर्भात झालेल्या अभ्यासांत या भाषिक यंत्रांच्या उत्तरांत जातींविषयीचे जुने साचे आढळून आले आहेत, याचे म्हणून आम्हाला दुःख झाले तरी आश्चर्य वाटले नाही.

ही केवळ शाळा-परीक्षांपुरती गोष्ट नाही. नेदरलँड्समध्ये बालसंगोपन अनुदानातील लबाडी शोधण्यासाठी कर विभागाने जोखीम मोजणारी संगणकीय यंत्रणा वापरली. त्यात अर्जदाराचे नागरिकत्व डच आहे की नाही, हा एक निकष होता. हजारो कुटुंबांवर, विशेषतः स्थलांतरित वंशाच्या पालकांवर, लबाडीचा ठपका आला. घेतलेले अनुदान परत करता करता संसार मोडले. हे उघडकीस आल्यावर जानेवारी २०२१ मध्ये तेथील मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. आपल्या शेजारच्या तेलंगण राज्यात ‘समग्र वेदिका’ या प्रणालीने वेगवेगळ्या खात्यांची माहिती जोडून शिधापत्रिकाधारकांची पात्रता ठरवली. त्यात ज्यांच्याकडे मोटार नाही, अशा गरिबाच्या नावावरही मोटार लागल्याचे पत्रकारांनी पुढे दाखवून दिले. रद्द झालेल्या शिधापत्रिकांची प्रत्यक्ष जागेवर जाऊन फेरतपासणी करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला २०२२ साली द्यावा लागला. संगणकाची चूक एका ओळीची असते. तिची शिक्षा रांगेत उभ्या असलेल्या बाईच्या रिकाम्या पिशवीला होते.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून आम्हाला यात एक जुनी ओळख पटते. १८७१ साली ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला. पुढे १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती मुंबई इलाख्यासह अन्यत्रही वाढली. संपूर्ण जमातीची नावे नोंदवहीत चढली. त्या जमातीत जन्मलेले मूल पुढे गुन्हा करील, असे कायद्यानेच गृहीत धरले. हजेरी, परवाना, तारांच्या कुंपणातली वसाहत हे सारे त्या एका नोंदीवरून. सोलापूरच्या सेटलमेंटची आठवण सांगणारी माणसे आपल्या समाजात कालपरवापर्यंत होती. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभरातून हद्दपार झाला, म्हणून विमुक्त दिन पाळला जातो. आज काही देशांत पोलीस यंत्रणा जुन्या गुन्ह्यांची आकडेवारी संगणकात घालून पुढचा गुन्हा कोठे घडेल, याचे भाकीत करतात. ज्या वस्तीवर पूर्वी जास्त धाडी पडल्या, तिच्याच नावावर जास्त नोंदी, आणि म्हणून पुन्हा तिच्यावरच जास्त पहारा. नोंदवहीची जागा संगणकाने घेतली, एवढाच काय तो फरक.

मग या आंतरराष्ट्रीय मानकांनी आपले रक्षण होईल काय? येथे एका शब्दाचा इतिहास सांगणे भाग आहे. युनेस्कोच्या शिफारसपत्रात वंश, वर्ण, कुळ, लिंग, भाषा, धर्म, सामाजिक मूळ, जन्माची आर्थिक वा सामाजिक स्थिती अशी भेदभावाची कारणे मोजली आहेत. ‘जात’ हा शब्द त्यात नाही. ‘कुळ’ म्हणजे जन्माने आलेली परंपरा हा शब्द आंतरराष्ट्रीय कायद्यात कोठून आला? १९६५ च्या वांशिक भेदभाव निर्मूलन कराराच्या मसुद्यात तो घालण्याची सूचना भारताच्याच प्रतिनिधीची होती. पुढे २००१ मध्ये डर्बन येथील जागतिक परिषदेत जातीचा प्रश्न मांडू द्यावा, यासाठी दलित कार्यकर्त्यांनी आवाज उठवला, तेव्हा जात म्हणजे वंश नव्हे, अशी भूमिका आपल्या सरकारने घेतली. तरीही २००२ मध्ये त्या कराराच्या समितीने ‘कुळावर आधारित भेदभावात’ जातिभेद येतो, असा अर्थ स्पष्ट केला. एका शब्दासाठी एवढा झगडा कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर सोपे आहे. ज्याला नाव नाही, त्याची मोजदाद होत नाही, आणि ज्याची मोजदाद होत नाही, तो अन्याय कागदोपत्री अस्तित्वातच नसतो. परदेशात बसलेला अभियंता आपले यंत्र वर्णभेद करते काय, स्त्रियांवर अन्याय करते काय, हे तपासतो, कारण ते शब्द त्याच्या तपासणीच्या यादीत आहेत. जात त्याच्या यादीतच नसेल, तर तो ती तपासणार कशी?

यावर काहींचा आक्षेप असतो की, यंत्रापासून जात लपवायची, की यंत्राला जात तपासायला लावायची? दोन्ही एकाच वेळी कसे? आपल्या कार्यालयांत काम करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांना याचे उत्तर ठाऊक आहे. उत्तरपत्रिका तपासताना जात दिसता कामा नये. पण भरती झाल्यानंतर किती जागा कोणाला मिळाल्या, अनुशेष किती उरला, हे बिंदुनामावलीशिवाय कळत नाही. तसेच येथे. निर्णय देताना यंत्राने जन्म पाहू नये. निर्णय दिल्यानंतर मात्र त्याचा फटका कोणाला बसला, याची जातवार, लिंगवार, प्रदेशवार तपासणी त्रयस्थाकडून झालीच पाहिजे. यंत्रालाही एक बिंदुनामावली हवी.

आणखी एक गोष्ट. युनेस्कोचे पत्र म्हणजे शिफारस आहे, ती मोडल्यास शिक्षा नाही. म्हणून ते निरुपयोगी आहे, असे आम्ही म्हणणार नाही. संविधानाच्या १७ व्या अनुच्छेदाने २६ जानेवारी १९५० पासून अस्पृश्यता नष्ट केल्याचे घोषित केले. पण घोषणेने विहिरी खुल्या झाल्या नाहीत. १९५५ चा अस्पृश्यता गुन्हे कायदा आला, तो अपुरा पडला म्हणून १९७६ मध्ये त्यात सुधारणा होऊन तो नागरी हक्क संरक्षण कायदा झाला, आणि तरीही भागले नाही म्हणून १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा करावा लागला. तत्त्व, मग कायदा, मग दात असलेला कायदा, असा तो प्रवास आहे. पण मूळ तत्त्व लिहिलेले नसते, तर पुढचे कायदे कशाच्या आधारे मागितले असते? युरोपीय संघाने हा प्रवास सुरू केला आहे. १ ऑगस्ट २०२४ रोजी अमलात आलेल्या त्यांच्या कायद्यानुसार शाळेत आणि कामाच्या ठिकाणी यंत्राने माणसाच्या भावना ओळखणे काही अपवाद वगळता निषिद्ध आहे. प्रवेश देणाऱ्या व परीक्षा तपासणाऱ्या यंत्रणा अतिजोखमीच्या ठरवल्या आहेत, आणि निषिद्ध वापरासाठी साडेतीन कोटी युरो किंवा जागतिक उलाढालीच्या ७ टक्के, यांपैकी जी रक्कम अधिक असेल तिथपर्यंत दंड आहे. आपल्या देशाने २०२३ मध्ये वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा केला. अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यास पालकांची संमती हवी, असे तो म्हणतो. पण यंत्राने दिलेल्या निर्णयाचे कारण मागण्याचा आणि त्यावर माणसाकडे दाद मागण्याचा स्पष्ट हक्क आपल्याला मिळवायचा आहे.

नीतीचा विचार करताना कष्टकऱ्यांना विसरून चालणार नाही. बोलणाऱ्या यंत्रांनी अश्लील आणि हिंसक बोलू नये, म्हणून त्यांना आधी घाण काय असते ते शिकवावे लागते. २०२३ च्या जानेवारीत उघड झाले की, हे काम केनियातील तरुण कामगारांनी ताशी दोन डॉलरहूनही कमी मजुरीवर केले. अत्याचाराची वर्णने दिवसभर वाचायची आणि त्यांवर खूण करायची. अनेकांच्या मनावर त्याचे घाव राहिले. दुसऱ्याची घाण कोणी उपसायची, हे जगाने पुन्हा एकदा गरिबीवरून ठरवले. सम्यक आजीविकेचे तत्त्व मानणाऱ्यांनी यंत्राच्या गोड भाषेमागचे हे हात ओळखले पाहिजेत.

आता त्या पहिल्या प्रश्नाकडे येऊ. असत्य बोलले कोण? धम्मात कर्माचे मूळ चेतनेत, म्हणजे हेतूत आहे. यंत्राला चेतना नाही, म्हणून त्याला कर्म नाही आणि शीलही नाही. याचा अर्थ जबाबदारी कोणाचीच नाही, असा होत नाही. ती घडवणाऱ्याची आहे, विकणाऱ्याची आहे, विकत घेऊन गरिबांवर चालवणाऱ्या सरकारची आहे आणि न तपासता उतरवून घेणाऱ्या आपलीही आहे. अंतिम जबाबदारी नेहमी माणसावर वा संस्थेवरच राहील, असे युनेस्कोही म्हणते. विद्येला शीलाची जोड नसेल, तर ती घातक ठरते, हा बाबासाहेबांचा इशारा आज अधिकच खरा झाला आहे, कारण आज शीलाविना केवळ विद्या यंत्रात भरता येते.

म्हणून आमच्या विद्यार्थ्यांना यंत्रापासून दूर ठेवावे, असे आमचे मत नाही. ज्यांना शतकानुशतके अक्षर नाकारले गेले, त्यांच्या मुलांना पुन्हा एखाद्या विद्येपासून दूर ठेवण्याचे पाप आम्ही करणार नाही. त्या नववीतल्या मुलाला आम्ही ग्रंथालयात नेले, खंड उघडून दिले आणि यंत्राच्या निबंधातील चुका त्यालाच शोधायला लावल्या. त्याला पाच सापडल्या. आम्हाला चारच सापडल्या होत्या. आता इतिहासाच्या तासाला महिन्यातून एकदा यंत्राचे उत्तर फळ्यावर लिहून त्याची उलटतपासणी होते.

पालकांना आमची विनंती एवढीच आहे. मुलांची छायाचित्रे, आधार क्रमांक, निकाल कोणत्याही अ‍ॅपला देण्यापूर्वी शिक्षकांना विचारा. एखादा अर्ज ‘सिस्टिमने नाकारला’ असे उत्तर मिळाले, तर तेवढ्यावर परत फिरू नका. कारण लेखी मागा, अधिकाऱ्याचे नाव मागा. सिस्टिम नाकारत नाही, सिस्टिमच्या मागचा माणूस नाकारतो.

आणि माजी विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकी कित्येक जण पुणे, हैदराबाद, बंगळुरू येथे, काही परदेशातही, याच संगणक उद्योगात आहात. तुमच्या कंपनीच्या तपासणीच्या यादीत ‘जात’ हा शब्द आहे काय, हे एकदा पाहा. नसेल, तर तो घालण्यासाठी बोला. संविधानाचा मसुदा लिहिताना आपला माणूस मेजावर बसला होता, म्हणून १७ वा अनुच्छेद आज आपल्या हाती आहे. नव्या युगाचे मसुदे आता लिहिले जात आहेत. सुट्टीत गावी याल, तेव्हा एक दिवस विद्यालयासाठी राखून ठेवा आणि नववीच्या वर्गाला ही यंत्रे आतून कशी चालतात ते समजावून सांगा. फळा आणि खडू आम्ही तयार ठेवतो.